नवे टायर पुढे

आमच्या घरात नवं काही आलं की ते पुढे लागतं. नवी चादर बैठकीच्या कॉटवर, नव्या कपबशा पाहुण्यांसमोर, नवा बल्ब ओटीवर. जुनं, विरलेलं, टवका उडालेलं सगळं मागे स्वयंपाकघरात, म्हणजे आम्हा बायकांच्या वाट्याला. या पद्धतीचा मला लग्न झाल्यापासून राग होता. पण ही पद्धत एक दिवस माझ्याकडून गाडीची चावी काढून घेईल, असं काही वाटलं नव्हतं.

गाडी म्हणजे पांढरी अँबॅसडर. सरकारी लिलावात घेतलेली, बॉनेटवर झेंड्याची दांडी अजून तशीच. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. गुलाब, शेवंती आणि दसऱ्याला झेंडू. पूर्वी माल टेम्पोने नाशिकच्या फुलबाजारात जायचा आणि टेम्पोवाला सगळ्यांची फुलं गोळा करत करत आमची कोमेजवून पोचवायचा. मग मोठे दीर पुंजाराम, ज्यांना घरदार भाऊ म्हणतं, त्यांनी ही गाडी आणली. मागची सीट काढून टाकली, तिथे करंड्या रचायच्या. पुढच्या लांब सीटवर चालवणारा आणि शेजारी माझी सासू गोजराबाई. बाजारात भाव करायला त्यांच्यासारखं तोंड दुसऱ्या कुणाला नाही.

गाडी आली, पण चालवणार कोण? माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी ती गोठ्याच्या खांबाला लावली आणि पुन्हा हात लावणार नाही असं जाहीर केलं. त्यांचं नाव भिका. बायकोने नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. भाऊंना ट्रॅक्टर येत होता, पण पहाटे उठायचा कंटाळा. उरले मी. माझे वडील सटाण्याला एका कांदा व्यापाऱ्याची जीप चालवायचे. लग्नाआधी त्यांनी मला बाजार समितीच्या मोकळ्या पटांगणात जीप शिकवली होती. शिकवताना आमच्या अहिराणीत एकच सांगायचे, "गाडी बोलस व माय, कान दे." मला वाटायचं इंजिनाबद्दल बोलतात.

तर तीन वर्षं मी रोज पहाटे फुलं घेऊन जात होते. पंचवटीत लोक वळून बघायचे, नाक्यावरची पोरं काहीबाही बोलायची, मी हॉर्न वाजवून पुढे जायची. सकाळचे ते तास माझे होते. घरात मी धाकटी सून, पण स्टिअरिंगवर बसले की मी कुणाचीच धाकटी नव्हते. ज्याला हे कळत नाही त्याने मला चावीबद्दल अक्कल शिकवू नये.

अठ्ठ्याण्णवचा दसरा. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. खंडेनवमीला भाऊ नाशिकच्या द्वारका चौकात इब्राहिमभाईंच्या टायरच्या दुकानात गाडी घेऊन गेले आणि दोन नवेकोरे रेडियल टायर बसवून आले. तोवर गाडीला चारही टायर नायलॉनचे होते, त्यातले दोन गुळगुळीत झालेले. ते काढले, बरे होते ते दोन मागे गेले, नवे पुढे.

"पुढंच का?" मी विचारलं. सहज विचारलं, मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

"मंग काय मागं लावायचे?" भाऊ हसले. "हार पुढं, कुंकू पुढं, लिंबू पुढच्या चाकाखाली. पूजेला जुनं चाक दाखवायचं का देवाला?"

इथेही तेच. नवं पुढे. दसऱ्याला झेंड्याच्या दांडीवर आमच्याच मळ्यातला झेंडूचा जाड हार चढला, पुढच्या काळ्याभोर टायरांवर कुंकवाची बोटं उठली, नारळ फुटला. मागच्या चाकांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि आत्याबाई निघालो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. भुरभुर पाऊस होता. गाडी निघाल्यापासूनच मला काहीतरी वेगळं वाटत होतं. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं, पण पाठीमागून गाडी हलकी लागत होती. मला वाटलं करंड्या कमी आहेत म्हणून असेल.

पाटाच्या पुलाजवळ रस्ता उजवीकडे वळतो. आदल्या रात्री न खपलेला झेंडू लोकांनी तिथे रस्त्याकडेला ओतला होता, टेम्पोंनी तो तुडवून त्याचा चिखल केला होता. मी रोजच्याच वेगात वळण घेतलं. पुढची चाकं वळली, अगदी नीट वळली. आणि मागची बाजू सुटली. सुटली म्हणजे माझ्या पाठीमागून निघून गेली. क्षणभरात गाडीचं तोंड मखमलाबादकडे झालं आणि डिकी मैलाच्या दगडावर आपटली. आत्याबाईंचं कपाळ दाराच्या कडेवर लागलं, काकणं फुटली. करंड्या उलट्या झाल्या आणि गाडीभर शेवंती.

माणसं जमली. कुणी विचारलं नाही की लागलं का. पहिला शब्द आला तो, "बाई चालवत व्हती काय?"

घरी ओटीवर पंचायत बसली. आत्याबाई कॉटवर, कपाळावर हळदीचा लेप. भाऊंनी चावी माझ्यासमोरून उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"बास झालं," ते म्हणाले. "गाडी दुरुस्त होऊन आली की मी नेणार. ही शुभांगी घरी हार गुंफंल. आईचं डोकं फुटलं असतं आज."

"भाऊ, मी रोजच्याच वेगात होते. गाडी पुढून नाही घसरली, मागून गेली."

"फुलावर कुणाचीबी घसरती. पर कुणी सावरतं, कुणी नाय."

"घसरेल. पण मागूनच का?"

"पुढून काय आन मागून काय!" जाऊबाई विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला लावला होता, पण लपवायचं नव्हतं त्यांना.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. तीन वर्षं त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. रस्ताभर अर्धं गाव आम्ही दोघींनी नावं ठेवून संपवलं होतं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी आता हिच्या गाडीत बसायची नाय."

चावी गेली त्याचा राग आला होता. रडू आलं ते या वाक्याने. मी मागे जाऊन चुलीपुढे बसले आणि रडले. भरपूर रडले. मग तोंड धुतलं आणि विचार केला, की रडून गाडीचं ढुंगण सरळ होणार नाही.

दुसऱ्या दिवशी बसने द्वारकेला गेले. इब्राहिमभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "भाभी, सगळे नवे पुढंच टाकतात. स्टेरिंग हलकं राहतं, पूजापण तिथंच होते. मागं कोण बघतो?"

"मी बघते," मी म्हटलं. "पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, याने फरक पडत नाही?"

"थोडा पडत असेल. आजपर्यंत कोणी तक्रार नाही केली." मग हसून म्हणाले, "तुम्हीच पहिल्या."

म्हणजे सांगणारं कुणी नव्हतं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून गाडी परत आली तेव्हा मी सरळ तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि चाकं बघितली. आजूबाजूने जाणारे बघत होते, बघू दे. पुढचे रेडियल बाजूने मऊ, थोडे फुगून रस्त्यावर पसरून टेकलेले. मागचे नायलॉनचे ताठ, जेमतेम टेकलेले. हाताने दाबलं, पायाने दाबलं. चारही नायलॉनचे होते तेव्हा वळणावर चारही सारखेच सुटायचे, आणि ते माझ्या हातांना आधी कळायचं, मी पाय काढायची. आता पुढची जोडी रस्ता घट्ट धरून ठेवत होती, म्हणून हातांना काही कळतच नव्हतं. मागची जोडी मात्र केव्हाच हात सोडून मोकळी. वडील इंजिनाबद्दल बोलत नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी भाऊंना सांगितलं. म्हटलं, निदान टायर बदलून घ्या, नवे मागे लावा, मग खुशाल चालवा. रस्ता ओला आहे, शेजारी आत्याबाई असणार.

"आता तू मला टायर शिकव," ते म्हणाले. "उद्या सकाळी निघतोय मी."

आता प्रश्न माझ्या चावीचा राहिला नव्हता. हा माणूस माझ्या सासूला घेऊन त्याच वळणावर जाणार होता, आणि त्याला ऐकायचं नव्हतं. ज्याला ऐकायचं नसतं त्याला दाखवावं लागतं.

आमच्या घरासमोर मोठं खळं आहे, कोबा केलेलं. खळ्याच्या कडेला न खपलेल्या झेंडूचा ढीग पडून काळा पडत होता. सकाळी दिवस उगवला तसं मी फावडं घेतलं आणि तो झेंडू खळ्याच्या मध्यभागी पसरला. वर विहिरीच्या मोटारीचा पाइप सोडला. फुलं अनवाणी तुडवली. पाय असे घसरायला लागले की मलाच हसू आलं. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं कुंपणापाशी गोळा झाली. विठाबाई ओरडल्या, "अवो, ही येडी झाली का काय?"

भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. मी हात जोडले, अगदी नीट जोडले.

"भाऊ, चावी तुमच्याकडं हाय. बाजारात जायच्या आधी इथं एक गोल चक्कर मारा. उजवीकडं वळत, फुलावरून. मी म्हणते ते खोटं निघालं तर जन्मभर हार गुंफीन, तोंडातून शब्द काढणार नाय."

एवढ्या लोकांपुढे नाही म्हणणं त्यांना अवघड होतं. "स्पीड किती?" त्यांनी विचारलं.

"जास्त नको. रस्त्यावर त्या वळणाला मी असते त्याच्या निम्म्यानं."

ते बसले. गाडी खळ्याच्या टोकाला नेली, वेग धरला, फुलांवर आल्यावर स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं आज्ञाधारक वळली. मागची बाजू सुटली आणि गाडी स्वतःभोवती फिरून गोठ्याकडे तोंड करून थांबली. दावणीची गाय उठून उभी राहिली. कुंपणापाशी एकच हशा झाला.

"फुलं लय निसरडी झाली," भाऊ खिडकीतून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"झाली ना? आता हीच फुलं, हाच माणूस, हीच गाडी. फक्त टायर बदलते."

मी डिकीतून जॅक आणि पाना काढला. साडीचा काष्टा मारला. पहिला नट जाम होता, पान्यावर उभी राहिले तेव्हा सुटला. दुसऱ्या बाजूला विटा हव्या होत्या, मी आणायला वळले तर त्या आधीच चाकाशी लागलेल्या. माझा नवरा तिथे वाकला होता. खांबाला धडकवल्यापासून गाडीला हात न लावणारा माणूस. त्यांनी विटा रचल्या, चाक ओढलं, लोळवत मागे नेलं. मला त्या क्षणी ते जितके आवडले तितके लग्नातही आवडले नव्हते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

रेडियल मागे गेले. नायलॉन पुढे आले. मी फावड्याने फुलं पुन्हा सारखी केली, पाणी मारलं.

"बसा भाऊ."

भाऊंनी पुन्हा वेग धरला. फुलांवर येऊन वळवलं. या वेळी गाडी नीट वळली नाही, हे मी लपवत नाही. पुढची चाकं घसरली आणि गाडी नाकासमोर सरकत चालली. पण सरळ सरकली. शेपटी जागेवर होती. भाऊंनी पाय काढला, गाडीचा वेग मोडला, चाकांनी पुन्हा जमीन धरली आणि ती शहाण्यासारखी वळून बाहेर आली.

"आणिक एकदा," भाऊ म्हणाले. आपणहून म्हणाले. दुसऱ्यांदा जोरात आले. पुन्हा तेच. नाक सरकलं, कळलं, सावरलं.

"दिसलं का?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पुढचं घसरलं तर हाताला कळतं. मागचं घसरलं तर दगडाला आपटल्यावर कळतं. चारही एकसारखे पाहिजेत. ते होईस्तोवर नवे मागं."

कुंपणापाशी आता कुणी हसत नव्हतं. भाऊ गाडीतून उतरले, टॉवेलने मान पुसली. मला वाटलं, झालं. आता चावी देतील.

ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. टायरचंच होतं." आणि चावी पुन्हा खिशात टाकली. "आता गाडी नीट झाली. आता काही भ्या नाय. मी नेतो आईला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोक्यात सणक गेली. चूक माझी नव्हती हे मान्य, टायरची होती हेही मान्य, ती मी शोधली हेही मान्य, आणि चावी त्यांच्या खिशात!

"का?" मी विचारलं.

"लोक नावं ठेवतात. चार लोकांत झालं ना ते. बाई चालवत होती म्हणून."

जॅक अजून खालीच होता. मी तो पुढच्या चाकाजवळ लावला, गाडी उचलली आणि पाना घेऊन नट काढायला बसले. एका चाकाचे काढले. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या चाकाचे काढले. सगळे पदरात बांधले, गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"चावी तुम्ही ठेवा. नट मी ठेवते. न्या गाडी."

"शुभांगी, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. त्या दिवशी गाडी फिरली, आज डोकं. लोकांनी नावं ठेवली म्हणून चावी जाते काय? मग तुम्ही आत्ता फिरलात गोठ्याकडं तोंड करून. एवढ्या लोकांनी बघितलं, हसले. तुमच्याकडून कोण काढून घेणार चावी?"

"मोठ्यांशी असं बोलतात का?" विठाबाई.

"खोटं बोलले असेन तर सांगा जाऊबाई, मी पाय धरते."

तेवढ्यात ओटीवरून आत्याबाई उतरल्या. हातात तराजू, काखेत शेवंतीची करंडी. झेंडूच्या चिखलातून जपून पावलं टाकत गाडीपाशी आल्या, डावं दार उघडलं, आपल्या जागी बसल्या आणि दार ओढून घेतलं. पुढच्या चाकांना एकही नट नसलेल्या गाडीत.

"आई, उतर," भाऊ म्हणाले.

"का? जायचं नाय का बाजारात?" आत्याबाई समोर बघत म्हणाल्या. "पुंजाराम, त्या दिशी गाडी फिरली ना, तवा हिनं एका हातानं स्टेरिंग धरलं व्हतं आन दुसरा हात माझ्या छातीवर आडवा धरला व्हता. नायतर म्या काचंतून भाईर गेले असते. म्या घाबरले व्हते, म्हनून बोलले नाय. आता बोलते. मी हिच्याच संगं जाईन. नायतर बस इथंच, फुलं सुकू दे."

मला तो हात आठवतच नव्हता. खरंच आठवत नव्हता. मी तशीच उभी राहिले, कमरेची गाठ घट्ट धरून.

भाऊंनी खिशातून चावी काढली आणि बॉनेटवर ठेवली. टक्कन आवाज झाला.

मी उचलली नाही. "हातात द्या, भाऊ."

कुंपणापाशी कुणीतरी खाकरलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. मी हात पुढे करून उभी होते. ओटीवरून माझी उचलून नेली होती ती. तशी बॉनेटवरून मी परत घेणार नव्हते. शेवटी त्यांनी चावी उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"नट घट्ट कर नीट," ते म्हणाले.

"करते," मी म्हटलं, आणि गाठ सोडली.

पुढच्या दसऱ्याला चारही टायर रेडियल झाले. तरीही त्या दसऱ्याला कुंकू आधी मागच्या चाकांना लागलं आणि नारळ डिकीमागे फुटला. शेजारचे हसले. फोडला भाऊंनीच. आमच्याकडे अजून तसाच फुटतो.

पण नट घट्ट केले त्या सकाळी आम्ही उशिरा निघालो. पुन्हा भुरभुर लागली होती. पाटाचा पूल जवळ येताना आत्याबाईंनी डोळे मिटले आणि करंडी दोन्ही हातांनी धरली. कडेला झेंडू तसाच पडलेला होता, जास्तच सडलेला. मी वळण घेतलं. पाठीमागून गाडी जड आणि सोबतच आली. मैलाच्या दगडाला आमच्या डिकीचा पांढरा रंग लागला होता, तो आरशात मागे गेला.

आत्याबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आलं का गं ते वळण?" त्यांनी विचारलं.

"गेलं, आत्याबाई."